नेस्टाबाईचा कडू घास

नाशिक, ११ मार्च १९७४

शकू, जयभीम.

तुझं पत्र आणि फोटो पोचला. फोटोत तू नुसती खांद्यापर्यंत आहेस, तरी आईनं पाहताक्षणी सांगितलं की पोर वाळली. विलायतेत इस्पितळात नर्सांना जेवायला काय देतात ते सविस्तर लिही, म्हणजे मला रोज उत्तरं द्यावी लागणार नाहीत.

आता मुख्य गोष्ट. तुझी ती नेस्टा आमच्या गळ्यात पडली आहे. दुपारी अंगणात मांडीवर सूप घेऊन आम्ही विड्या वळायला बसतो, ते तुला नव्यानं सांगायला नको. आई, कुसाबाई, सरुबाई आणि मी. सातवी पास मी एकटी, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. वाचणारीचे हात रिकामे राहतात, म्हणून ऐकणारीनं आपल्या सुपातल्या मूठभर विड्या तिच्या सुपात टाकायच्या, हा आपल्या गल्लीचा रिवाज अजून चालू आहे. पेपरात पुढाऱ्याचं भाषण असलं की कुसाबाईला माझं सूप दिसेनासं होतं. परवा तुझ्या पत्रातलं नेस्टाचं वाचलं, तिचं कपडे धुण्याचं दुकान, तिचा पळून गेलेला नवरा, डोक्याला बांधलेला रुमाल, ओठात सिगारेट. वाचून होईपर्यंत माझं सूप भरलं होतं. बाई तोंडात विडी धरते म्हटल्यावर ती आपलीच झाली.

तू लिहिलंस तसं मी समजावून सांगितलं की हे नाटक आहे, आठवड्यातून दोनदा टीव्ही नावाच्या एका पेटीत दिसतं. कुसाबाईनं विचारलं, "किती दिस चाललंय?"

मी म्हटलं, शकू तिकडं जायच्या आधीपासून.

"आन् संपत नाय?"

नाही.

"बाई म्हातारी होती का त्यात?"

होते, असं शकू लिहिते. पूर्वी केस काळे होते, आता रंगवते.

"मंग ते नाटक कसं गं? तमाशासुदिक उजाडलं की संपतो. जे संपत नाय आन् ज्यात मान्सं म्हातारी होत्यात, त्याला संसार म्हंत्यात."

यावर काय सांगायचं? तुला सुचलं तर कळव.

आईचं तर विचारूच नको. 'मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मी नेस्टाकडे असते' असं तू गमतीत लिहिलंस. आईनं ते एकच वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. तिनं धरून ठेवलं आहे की नेस्टाबाई तुझ्या समोरच राहते आणि तू ड्यूटीवरून आलीस की तुला चहा करून देते. "परक्या मुलखात पोरीला एक बाईमान्स हाय, लय झालं," असं म्हणाली आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली. ते जेवण बघून मी पुढे समजावायचं सोडून दिलं.

तिचा निरोप: नेस्टाबाईला म्हणावं, तो नवरा परत आला तर उंबऱ्याच्या आत घेऊ नको. आणि तिच्यासाठी आपल्या विड्यांची एक जुडी ती कुणाबरोबर तरी पाठवणार आहे. माणूस मिळाला की पाठवेल.

चांगुणा

नाशिक, २ सप्टेंबर १९७६

शकू,

अण्णा गेल्यावर तार केली. तू आली नाहीस. रजा मिळत नाही, तिकिटाला पैसे लागतात, हे मला समजतं. मी एवढी अडाणी नाही. आपल्या बापानं म्युनिसिपालिटीत झाडू मारून तुला नर्स केली, ते तूही विसरली नसशील असं धरून चालते.

पण काल तुझं पत्र आलं. लोक भेटायला आले होते, अंगण भरलं होतं. आई म्हणाली, वाच. मी आधी एकटीनं वाचायला हवं होतं, पण तसं कधी केलेलं नाही. वरच्या चार ओळी अण्णांच्या. त्याच्याखाली, आणि मागची अख्खी बाजू, नेस्टाच्या दुकानाला आग कशी लागली त्याची. मध्येच थांबता येईना, म्हणून मी वाचत गेले. अण्णांसाठी सरुबाईचं रडून झालं होतं. ती पुन्हा पदर डोळ्याला लावून बसली, नेस्टाच्या दुकानासाठी. माझ्या बापाच्या दुखवट्यात.

बाप गेल्यावर जिला कागदावर दुसऱ्याच बाईचं दुकान सुचतं, तिनं आम्हाला पत्र लिहायचे कष्ट घेऊ नयेत. हे मी रागात लिहिते आहे आणि राग उतरल्यावरही खोडणार नाही.

हे पत्र आईला वाचून दाखवलेलं नाही. तिचा निरोप मात्र पोचवते, कारण ते माझं काम आहे. ती म्हणते, नेस्टाबाईला सांग, भिऊ नको, जळालेलं पुन्हा उभं राहतं.

चांगुणा

नाशिक, १९ जून १९७९

शकू,

पत्र लिहू नको म्हटलं तर तू लिहीतच राहिलीस, आणि माझ्यावर राग कसा काढायचा तेही शोधून काढलंस. पाकिटावर आईचं नाव. आत नुसती नेस्टा. नेस्टानं दुकान पुन्हा उघडलं, नेस्टाच्या भाडेकरूनं तिला फसवलं, नेस्टाचं दुसरं लग्न ठरलं. माझं नाव नाही, तुझंही नाही. बरी आहेस की आजारी, खोली बदललीस की तीच, कुणी आहे का आयुष्यात, एक अक्षर नाही. आणि ते मीच वाचायचं, मोठ्यानं, माना डोलावणाऱ्या बायकांसमोर. मानलं तुला.

वाचून झालं की आई विचारते, "आन् शकू?" मी कागदाकडे बघत म्हणते, "खुशाल आहे म्हणते. काळजी करू नको म्हणते." ते वाक्य मी पदरचं घालते. तुझं तू लिहिलं असतंस तर मला घालावं लागलं नसतं.

असो. आज भांडायला बसलेली नाही. मला तुझ्याकडून एक हवं आहे.

तुझ्या दाजींना मनमाडला रेल्वेचं क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, नळ घरात, मागे थोडी मोकळी जागा. लग्न झाल्यापासून ते तिकडे आणि मी इकडे, सुटीच्या दिवशी येतात आणि संध्याकाळच्या गाडीनं जातात. पोरं त्यांना पाहुण्यासारखं 'बसा' म्हणतात. परवा धाकटीनं त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन दिला आणि विचारलं, तुम्ही राहणार आहात का? ते हसले. मला आत जाऊन भांडी घासावीशी वाटली, घासलेलीच होती तरी.

मला मनमाडला जायचं आहे शकू. मला माझा संसार करायचा आहे. आईला एकटं टाकून जाता येत नाही आणि आई इथून हलत नाही. लोकांना सांगते, जावयाच्या दारात कसं राहायचं. ते आपलं सांगायला. खरं कारण तिनं मला सांगितलं: "शकूची पत्रं हितं येत्यात. उद्या पोर आली तर कुठं जाईल? हाच पत्ता ठावा हाय तिला."

तेव्हा एवढंच कर. पुढच्या पत्रात नेस्टाचं काय लिहायचं ते लिही, दहा पानं लिही. शेवटी एक ओळ घाल: 'आई, तू ताईबरोबर मनमाडला जा, पत्र मी तिकडे पाठवीन.' तू इथं यावंस असं मी म्हणत नाही. एका ओळीचं मागते. मी पदरची ओळ घालू शकते, पण ही नाही. ही मी घातली आणि तू पुढचं पत्र नाशिकलाच टाकलंस, तर आई मला आयुष्यात माफ करणार नाही.

खाली मनमाडचा पत्ता लिहिला आहे.

आईचा निरोप: नेस्टाबाईनं दुसरं लग्न जरूर करावं, पण दुकान आपल्या नावावर ठेवावं.

तुझी ताई

नाशिक, ८ जानेवारी १९८५

शकू,

ओळ आली नाही. मागून मागून मी थकले, आता मागत नाही.

आईला दिसायचं जवळजवळ बंद झालं आहे. नुसत्या हातानं वळते, तरी ठेकेदाराला तिच्या विडीत खोट काढता येत नाही. माझी मात्र बोटं सकाळी मिटत नाहीत. गल्लीतली पोरं सातपूरला कारखान्यांत लागली, सुना विड्यांना हात लावत नाहीत. अंगणात आम्ही त्याच चौघी उरलो आहोत. तुझं पत्र आलं की तेवढी एक दुपार बरी जाते, हे मात्र खरं. खोटं कशाला बोलू.

कुसाबाईच्या मुलानं टीव्ही घेतला. आईला कुणीतरी सांगितलं की नेस्टाबाई यातच दिसते. दोन दिवस संध्याकाळी मी तिला हाताला धरून नेली. बातम्या सांगणारी बाई बोलायला लागली की आई विचारायची, "ही का?" नाही म्हटलं की पुन्हा कान लावायची. शेतीचं झालं, गाणी झाली. दुसऱ्या दिवशी उठली आणि म्हणाली, "चल. ह्याच्यात आपली गल्ली बी दिसत नाय, तिची कुठून दिसायची?" त्यानंतर परत गेली नाही. तिचा तुझ्या पत्रावरच विश्वास.

तुझे दाजी पूर्वी दर खेपेला विचारायचे, "कधी येतेस?" मी चिडायचे. आता विचारत नाहीत. आले की पोरांसाठी आणलेलं काढतात, आईजवळ बसतात, गाडीची वेळ झाली की पिशवी उचलतात. त्यांच्या न विचारण्याची मला भीती वाटते.

मला तुझा राग आहे आणि तो राहणार. पण एक गोष्ट इतकी वर्षं वाचून वाचून मनात येते आहे, ती विचारते. तुझ्या पत्रात नेस्टाशिवाय दुसरं माणूस येत नाही. सोबतची एखादी नर्स नाही, शेजारीण नाही, दुकानदार नाही. पूर्वी मला वाटायचं तू मुद्दाम लिहीत नाहीस. आता वाटतं, लिहायला दुसरं कुणी नसेलच तर? तसं असेल तर ये गं. भांडू, पण एका खोलीत बसून भांडू.

आईचा निरोप: नेस्टाबाईचा खोकला वाढलाय म्हणतेस, तर तिला अडुळशाचा काढा दे.

तुझी ताई

नाशिक, २४ नोव्हेंबर १९८५

शकू,

तुझं पत्र पोचलं. या वेळी मी ते आधी एकटीनं वाचलं, चुलीपाशी बसून. पाकीट पातळ होतं.

नेस्टा गेली. दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या, आणि यंत्रात लोकांचे कपडे फिरत राहिले. नेस्टाचं काम करणाऱ्या नटीला आता जमत नाही म्हणून नेस्टाला असं संपवलं, असं तू लिहितेस. पुढे लिहितेस, 'आता लिहिण्यासारखं काही उरलं नाही.' त्याच्याखाली सही.

मी पत्र डब्यात ठेवलं. वाचलं नाही तर आई पत्राची वाट बघत बसणार. वाचलं तर तुझ्याजवळचं तिला ठाऊक असलेलं एकमेव माणूस मी माझ्या तोंडानं मारणार. आणि खरं सांगू? मला मनमाडचं क्वार्टर दिसत होतं. घरातला नळ दिसत होता. मी साधी बाई आहे आणि दमलेली आहे, माझ्या मनात ते आलं.

शेवटी परवा दुपारी वाचलं. नटीचं वाक्य सोडून सगळं, तुझ्या त्या शेवटच्या ओळीसकट. कात्र्यांचे आवाज थांबले. सरुबाईनं तोंडाला पदर लावला. आईनं हातातली विडी पुरी केली, दोरा बांधला, सुपात ठेवली. मग विचारलं, "आन् शकू?"

माझं वाक्य ओठावर होतं. इतक्या वर्षांत ते आपोआप येतं. पण या वेळी ते मला म्हणवेना.

मी म्हटलं, "शकूचं काही लिहिलेलं नाही आई. कधीच नसतं."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती, जणू तिला दिसतं आहे.  

संध्याकाळी मी चूल पेटवायला गेले तर कुसाबाई दारात. हातात पिठल्याचं पातेलं, फडक्यात भाकरी. आईला म्हणाली, "यशोदाबाई, आज चूल पेटवायची नाय. घरचं मान्स गेलंय. मी कडू घास आणलाय." मागून सरुबाई भात घेऊन आली. अण्णा गेले तेव्हा याच दोघींनी कडू घास आणला होता. चौघींनी उभं राहून त्रिसरण, पंचशील घेतलं. शेजारची नवी सून फिसकन हसली. कुसाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं की ती पोरगीही हात जोडून उभी राहिली. नेस्टाबाईला बिचारीला कुणी विचारलं नाही, पण आमच्या गल्लीनं तिला बौद्ध करून निरोप दिला.

आईनं दोन घास खाल्ले. मीही खाल्ले. हे नाटक आहे हे अंगणात मला एकटीला ठाऊक, आणि सगळ्यात जास्त मीच रडले. नेस्टासाठी नाही रडले. माझ्यासाठी रडले आणि थोडी तुझ्यासाठी. एवढ्या मोठ्या देशात एक खोटी बाई मेली ते सांगायला तुला विड्या वळणाऱ्या आम्हा चौघींशिवाय कुणी मिळालं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

काल सकाळी आई अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, "चांगुणे, जावयाच्या क्वार्टरात नळ घरातच हाय म्हंतीस ना?"

मी हो म्हटलं.

"मंग चल. आता पोस्टमन कशापायी येईल?"

या खेपेला तिचा काही निरोप नाही. मी विचारलं होतं.

तुझी ताई

मनमाड, १६ जानेवारी १९८६

शकू,

आलो आम्ही. तुझे दाजी टेम्पो घेऊन आले होते. सामान म्हणजे काय, भांडी, दोन ट्रंका, अण्णांचा फोटो आणि आईचं सूप. पानं नाहीत, ठेकेदार नाही, तरी सूप तिनं टाकू दिलं नाही. कुसाबाईनं आईला मिठी मारली आणि ओरडलीच, "माझ्या आधी मरू नको गं." आई म्हणाली, "तू बी नको." एवढ्यावर निघालो.

गल्लीच्या तोंडाशी पोस्टमन भेटला. इतकी वर्षं आई त्याला लांबून चालण्यावरून ओळखायची, दिवाळीला फराळाचं ताट आधी त्याला द्यायची. मला वाटलं, आता थांबेल आणि नवा पत्ता सांगेल. टेम्पो मुद्दाम थांबवायला लावला मी. त्यानं विचारलं, "मावशी, कुठं?" आई म्हणाली, "येते बाबा," आणि पुढं बघत बसली.

मी खाली उतरून त्याला पत्ता दिला. आईला कळलं असणार.

घर चांगलं आहे. नळाला पाणी येतं. पहिल्या दिवशी तुझ्या दाजींनी मला क्वार्टर दाखवलं, खुंट्यासुद्धा दाखवल्या, एवढ्या वर्षांत भिंतीवर एक खिळा त्यांनी माझ्यासाठी मोकळा ठेवला होता. रात्रपाळीहून येतात तेव्हा दार मी उघडते. पोरं अजून 'बसा' म्हणतात, सुटेल सवय. मला जे हवं होतं ते मिळालं आहे, शकू. आनंद झाला का असं कुणी विचारलं तर हो म्हणेन, पण लगेच उठून काहीतरी कामाला लागेन.

आई सकाळी मागच्या उन्हात बसते. गाड्या जातात त्या ऐकते, कोणती मुंबईची आणि कोणती दौंडची ते तिला आता कळायला लागलं आहे. जेवते, झोपते, पोरांशी बोलते. आजारी नाही. पण 'आन् शकू?' असं तिनं कडू घासाच्या दिवसापासून एकदाही विचारलेलं नाही. परवा मीच तुझा विषय काढला, तर म्हणाली, "तिचं तिला सुखी राहू दे," आणि पोरीला म्हणाली, फणी आण, केस विंचरते. रागानं म्हणाली असती तर मला इतकं लागलं नसतं.

ती तुझी वाट बघायची थांबली आहे. मी तुला हे दुखवायला लिहीत नाही. तुला कळायला हवं म्हणून लिहिते, कारण तुला कळवणारं दुसरं कुणी नाही. तू तिकडे दिवा लावून बसत असशील मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि पेटीत आता ती बाईही नाही. काही लिहिण्यासारखं उरलं नसेल तर लिहू नको. पण पत्ता वर लिहिला आहे, स्टेशनापासून चालत येण्यासारखा आहे, कुणालाही रेल्वे क्वार्टर विचारलंस तरी सांगतील.

घरातल्या कुणीतरी वाट बघायला हवी, म्हणून आता ते काम माझ्याकडे आलं आहे. मला आधीच कामं पुष्कळ आहेत. लवकर ये.

ताई